विलायती खुनाचा शेवटचा रविवार

नातीच्या मोबाइलवर विलायती खुनाची मालिका संपत आली की ती दार लावून घेते. शेवट कुणी आधी सांगायचा नाही, असा तिचा दंडक. मी गालात हसते. एकेकाळी अशाच एका मालिकेची गोष्ट मी स्वतः रचली होती, तीही इंग्रजी न येता.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आला तो शेजारच्या टेलरच्या घरी. त्याच्या बायकोला आम्ही भाभी म्हणायचो. रविवारी दुपारी त्यावर इंग्रजी पोलिसांची मालिका लागायची. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्तींनी, माझ्या लग्नातच साऱ्या गल्लीला ऐकवलं होतं, "सून मॅट्रिक हाय. इंग्लिश पेपर वाचती." मी इंग्रजीत काठावर पास झालेली. पण पहिल्या रविवारी भाभी म्हणाल्या, "सांग की गं, काय म्हणत्यात?" आणि त्या दीडशहाणीनं, म्हणजे मी, पदर सावरून सांगायला घेतलं.

एक म्हातारा जमीनदार मेलाय, एवढं चित्रावरून कळत होतं. बाकीचं मी घातलं. पुतण्यानं बांध कोरला, काका आडवा आला, म्हणून खून. जमीनदाराच्या विधवेकडे सारखा येणारा एक टकलू डॉक्टर होता, त्याला मी तिचा सख्खा भाऊ करून टाकलं. पुढच्याच आठवड्यात त्यानं तिचा मुका घेतला. आत्तींच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"त्यांच्यात गालाला गाल लावायची रीत असते," मी म्हणाले.

"गालाला न्हवतं ते," आत्ती म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा फोडू लागल्या.

शेवटच्या रविवारी भाभींच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. इतके आठवडे मी पुतण्याला खुनी म्हणत आले होते, आणि पोलीस कुणाला धरणार ते मला कुठं ठाऊक? माझी फजिती झाली तर झाली, पण आत्तींनी गल्लीभर मिरवलेली सून सगळ्यांसमोर खोटी पडणार होती.

पोलिसांनी बेड्या काढल्या आणि डॉक्टरच्या हातात घातल्या.

"भावाला का धरलं गं?" भाभी म्हणाल्या. "पुतण्या तर तितंच हुबा हाय की."

सगळ्या माझ्याकडं बघू लागल्या. तेवढ्यात मागून आत्तींचा आवाज आला.

"पुतण्याचा गुन्हा अंगावर घेतला त्यानं. भनीच्या घरची अब्रू जाऊ ने म्हणून. व्हय न्हवं गं?"

"व्हय," मी म्हणाले.

भाभींनी पदरानं डोळे पुसले.

घरी येऊन मी आत्तींना खालमानेनं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पयल्याच दिशी. त्यो टीव्हीतला मानूस दोन शब्द बोलायचा आन् तू अख्ख्या बांधाची मोजणी करून यायचीस."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू? तुला इंग्लिश येतंय म्हणून गल्लीला सांगताना मी तरी कुठं तुला इचारलंतं?"

पुढच्या रविवारी मालिका नव्हती. आम्ही दोघी आमच्याच सोप्यात शेंगा फोडत बसलो. मधेच आत्ती म्हणाल्या, "आता कुठं असंल गं त्यो डाक्टर?"

"आपल्या कळंब्याच्या जेलात."

"भन जाती का भेटाय?"

"जाते की. दर रविवारी, डबा घेऊन."

"डब्यात काय?"

"झुणका-भाकरी. वर खर्डा."

आत्तींनी मूठभर दाणे सुपात टाकले आणि जरा विचार केला.

"खर्डा कमीच घाल म्हणावं," त्या म्हणाल्या. "त्येला तिखट सोसायचं न्हाय."