पाठीला माती

औरंगाबादेतल्या मुकुंदवाडीचं स्टेशन एवढंसं आहे की तिथून कुणी परदेशी गेलं असं सांगितलं तर लोकांना थट्टा वाटेल. एक्सप्रेस गाड्या तिथं थांबत नाहीत, धूळ उडवून पुढं निघून जातात. पण दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हट्ट होता. घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर स्टेशन असताना मोठ्या स्टेशनाची मिजास कशाला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी मनमाडकडं जाणाऱ्या पॅसेंजरनं निघालो. मनमाडहून मुंबई आणि मुंबईहून न्यूझीलंड. आई रडत होती आणि रडता रडताच कोणत्या दशम्या आधी खायच्या ते बजावत होती.  गाडी दिसायला लागली तसा दादांनी पिशवीतून एक प्लास्टिकचा डबा काढून माझ्या हातात दिला. आमच्या तालमीतली लाल माती होती ती. "जिथं उतरशील तिथं आधी ही कपाळाला लाव," ते म्हणाले. "अन् पाठ जप."

इतर घरांत 'सांभाळून राहा' म्हणतात तसं आमच्या घरात 'पाठ जप' म्हणतात. कुस्तीत पाठ मातीला लागली की खेळ खलास, म्हणून पैलवान पडला तरी पोटावर पडतो. वरचा त्याला उलटवायला बघतो आणि खालचा घोरपडीसारखा जमिनीला चिकटून राहतो. मला नीट चालता यायच्या आधी दादांनी पोटावर पडायला शिकवलं, असं आई कुणालाही सांगते. खुद्द दादांची पाठ कधी कुणी टेकवली नाही, ही आमच्या भागातली जुनी ख्याती. दिवसा ते चिकलठाण्याच्या कारखान्यात फिटर आणि सकाळ-संध्याकाळ तालमीत वस्ताद. तालीम आजोबांची. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर ते सिल्लोडकडचं गाव सोडून इथं आले आणि आधी त्यांनी कुस्तीचा हौद खणला, मग राहायला खोली शोधली. म्हणजे घर सोडणं आमच्या घराण्यात नवीन नाही. तरी मी निघालो तेव्हा दादांना वाटलं, हे पोरगं मातीतून उठलं ते उठलंच.

ऑकलंडच्या विमानतळावर त्या डब्यानं माझी चांगलीच शोभा केली. त्या देशात बाहेरची माती आणायला सक्त बंदी आहे. बुटाच्या तळव्याला चिकटलेलीसुद्धा चालत नाही. तपासणीच्या बाईंनी विचारलं, हे काय. मी म्हटलं, ही साधी माती नाही, हिच्यात ताक, हळद, लिंबू आणि तेल मुरवलेलं आहे. मला वाटलं, औषधी आहे म्हटल्यावर सोडतील. ताक ऐकल्यावर बाई आणखी गंभीर झाल्या, कारण दुधाच्या पदार्थांचीही तीच गत. निदान एक बोट कपाळाला लावू द्या म्हणालो, तेही जमलं नाही. डबा कचऱ्यात गेला आणि मी कोऱ्या कपाळानं बाहेर पडलो. फोनवर दादांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मातीला भिणारा मुलुख दिसतोय."

हॅमिल्टनच्या बाहेर एका दूध कारखान्यात मला फिटरचं काम मिळालं. गाव हिरवंगार, नीटनेटकं आणि इतकं शांत की माझं डोकं उठायचं. आमच्याकडच्या छावणीच्या बाजारातला गलका आठवायचा, शेजारच्या घरातलं भांडण आठवायचं. घरी असताना कधी एकदा निघतो असं झालं होतं, इथं आल्यावर कधी एकदा परततो असं झालं. पायाला भिंगरी बांधल्यासारखा मी सुटीच्या दिवशी गावभर चालायचो. बसलो तर पाय हलायचा, झोपलो तर मन. लोक विचारायचे, तू कुठला. आधी औरंगाबाद म्हणायचो, मग संभाजीनगर म्हणायला लागलो. त्यांना दोन्ही म्हणता यायचं नाही. माझ्यासारखे जे गेलात, त्यांना ही घालमेल सांगायला नको. जे मागं राहिलात, त्यांना सांगून कळेल की नाही याची मला शंका आहे.

असाच एका थंड, पावसाळी शनिवारी चालत असताना मैदानावर धिप्पाड माणसं चिखलात लोळताना दिसली. मातीला भिणाऱ्या मुलखात हे काय, म्हणून मी कुंपणाशी थांबलो. ते रग्बी खेळत होते. खेळ मला कळत नव्हता, पण एकानं वाकून दुसऱ्याच्या दोन्ही मांड्यांना कवळ घातली आणि त्याला आडवा केला, तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, "दुहेरी पट." पाय धरून पाडायच्या आमच्या डावाचं हे नाव. सराव घेणारा सिओने माझ्याकडं वळला. तो टोंगा बेटावरून आलेला, दारातून तिरका होऊन शिरावं लागेल असा माणूस. त्यानं माझी मान बघितली, कान बघितले. कुस्तीनं मोडलेले कान लपत नाहीत. पुढच्या आठवड्यात मी मैदानात होतो.

सुरुवातीला मी हवेतच होतो. रग्बीत दोन्ही बाजूंचे खेळाडू एकमेकांच्या खांद्यात डोकी घालून एकमेकांना रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. तिथं सगळा भार मानेवर येतो, आणि माझी मान दादांनी पोरवयापासून घडवलेली. ती तसूभर हलायची नाही. समोरून धावत येणाऱ्याला पट मारून पाडणं तर घरचंच काम. माझ्याहून हातभर उंच गडी मी आडवे करायचो आणि सिओने खूश व्हायचा. क्लबात मला 'डट' म्हणायला लागले, दत्ता काही त्यांच्या जिभेवर बसेना. मी दादांना फोन करून सांगायचो, आज इतके पाडले. ते म्हणायचे, "बरं." एवढंच.

मग एकदा त्यांचाच फोन आला. स्वतःहून फोन करणं हा त्यांचा स्वभाव नाही, म्हणून मी घाबरलो. ते म्हणाले, "दत्ता, एक विचारायचं. पोरांचे आईबाप येतात, म्हणतात वस्ताद, कुस्ती करून पुढं काय? आम्ही जिमला घालतो पोरांना. माझ्याकडं उत्तर नाय. तू तिकडं त्या खेळात हायेस. आपल्या मातीचा तिथं उपयोग व्हतो का, खरं सांग. होत नसंल तर पुढच्या पाडव्याला कुलूप लावतो तालमीला." मी घाईनं म्हणालो, होतो ना, लई होतो. "तोंडदेखलं नको," ते म्हणाले. "नीट बघ अन् मग सांग." फोन ठेवल्यावर मला कशातच चैन पडेना. आजोबांचा हौद माझ्या एका शब्दावर बुजणार किंवा राहणार होता, आणि नेमकं तेव्हाच माझं मैदानावर बिनसायला लागलं होतं.

बिनसलं ते असं. रग्बीत चेंडू हातात घेऊन पुढं पळायचं, पण साथीदाराला द्यायचा तो फक्त मागं. तुम्हाला कुणी पाडलं तर चेंडू लगेच सोडून द्यायचा. अंगाखाली दाबून ठेवलात तर शिक्षा, चेंडू समोरच्यांना. मी पाडायला उस्ताद होतो, पण पडायला नव्हतो. मला कुणी पाडलं की अंग आपोआप उलटं व्हायचं आणि मी चेंडूसकट पोटावर. हातपाय पसरून, जमिनीला चिकटून. रेफरीची शिट्टी वाजायची आणि मला आधी वाटायचं की वा, पाठ वाचली. एका महत्त्वाच्या सामन्यात शेवटी शेवटी आम्ही जिंकत आलो होतो. चेंडू माझ्याकडं आला, मी दोघांना रेटत पुढं गेलो, पडलो, आणि पोटावर पडलो. शिट्टी वाजली. त्यांनी त्या शिक्षेवर गुण घेतले आणि आम्ही हरलो. 

सिओने मला एकट्याला मैदानावर घेऊन गेला. तो म्हणाला, समोरच्याकडं पाठ करून पड, अंग लांब कर आणि हात आपल्या लोकांकडं ने. मी म्हटलं, पाठ करू? शत्रूकडं? तो म्हणाला, पाठीला काय होतंय? चेंडू मागं पोचला पाहिजे. तो मला पाडत राहिला आणि मी घोरपड होत राहिलो. मला त्याचा राग यायला लागला, आणि खरं सांगायचं तर दादांचाही. इतकं पक्कं कशाला शिकवायचं एखाद्याला, की दुसरं काही शिकताच येऊ नये? शेवटी सिओने दमून माझ्याशेजारी बसला. म्हणाला, मी बेट सोडलं तेव्हा माझी आई म्हणाली, पुढं बघून चाल. मी तसाच चाललो आणि पुष्कळ वर्षं मागच्यांना काहीच दिलं नाही. एवढं बोलून तो उठला आणि मला पुन्हा पाडलं.

कधीतरी ते जमलं. पाऊस पडून गेलेला, मैदान ओलं. मला दोघांनी धरलं, मी खाली जाताना वळलो आणि त्यांच्याकडं पाठ करून पडलो. पाठ जमिनीला टेकली, पुरती टेकली, आणि वर राखाडी आभाळ दिसलं.  हरलो, असंच वाटलं. पण हात मागं गेले होते, चेंडू मागच्यानं उचलला आणि तो पळत सुटला. आमच्या लोकांचा आरडाओरडा ऐकू येईपर्यंत मी तिथंच पडून होतो. कुणीतरी हात देऊन उठवलं. ती गोष्ट मी दादांना फोनवर सांगितली नाही. सांगायला तोंड उघडायचो आणि आईला हवापाणी विचारायचो.

पाडव्याच्या आधी रजा काढून घरी आलो. तालमीत पोरं थोडीच होती. दादा आता हौदात उतरत नाहीत. पांढरं बनियन घालून काठावर उभे राहतात आणि तिथूनच ओरडतात. मी आत गेलो, माती कपाळाला लावली, जी विमानतळावर लावायची राहून गेली होती. दादांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. "बोल," म्हणाले. "व्हय का नाय?"

मी सगळ्यांसमोर सांगितलं. मान तुमची कामाला आली. पट तर रोज कामाला येतो. न थकता पुन्हा पुन्हा उठणं, तेही इथलंच. पण दादा, तुम्ही मला पडायला चुकीचं शिकवलं. तिथं पाठ द्यावी लागते. मी आमचा सामना घालवला, पाठ वाचवण्यापायी.

 वस्तादाला असं कुणी बोलत नाही, पोटच्या पोरानं तर नाहीच.  पडलो तरी नाक वर असा दादांचा सगळा जन्म, आणि मी त्याच नाकावर बोट ठेवलं होतं. त्यांनी चपला काढल्या, मातीला हात लावून तो कपाळाला नेला आणि सावकाश हौदात उतरले.

"कसं पडायचं ते दाखव," ते म्हणाले.

"दादा, तुम्ही कशाला."

"पोरांना शिकवायचं तर मला यायला नगं का?"

मी त्यांच्या मांड्यांना कवळ घातली. ती आता पूर्वीसारखी भरत नाही. शक्य तेवढं हळू मी त्यांना खाली घेतलं. त्यांचं अंग उलटायला लागलं, पोटावर जायला लागलं. इतक्या वर्षांची सवय. मी म्हटलं, "नाय दादा, पाठ." मग त्यांनी अंग सैल सोडलं. दोन्ही खांदे मातीला लागले.  दादा तसेच पडून वर छपराकडं बघत राहिले.

"पत्र्याला भोकं पडलीत की रं," ते म्हणाले. "मला कधी दिसलंच नाय."

त्या पाडव्याला कुलूप लागलं नाही. पोरं वाढली असंही नाही, खोटं कशाला सांगू. पण पत्रा बदलला. मी परत हॅमिल्टनला आलो. भिंगरी अजून पायाला आहेच, ती सुटेल असं वाटत नाही. घर म्हटलं की मला आता मुकुंदवाडीचं स्टेशनही आठवत नाही आणि मातीचा डबाही आठवत नाही. त्या दिवशी आम्ही दोघं तालमीतून घरी आलो, ते आठवतं. दादा पुढं, मी मागं. आईनं दार उघडलं, दादा चपला काढायला वळले आणि त्यांच्या पांढऱ्या बनियनवर खांद्यापासून कमरेपर्यंत लाल माती तिला दिसली. ती दारातच थबकली.

"अहो, हे काय? कुणी पाडलं तुम्हाला?"

दादा पाठ न झटकताच बसले आणि म्हणाले, "आपल्या दत्तानं. च्या टाक."