म्हशीचं साल

गावात नोंदवह्या वाटल्या गेल्या तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. नोकरीभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवल्यामुळे घरच्यांचा समज असा, की मला हिशेब येतो. मी राहतो नालवाडीत. गावची, आंजीची शेती थोरला भाऊ आणि वहिनी पाहतात. एक दिवस दादाचा फोन आला. "येजो उद्या. शेतीचा जमाखर्च शिकवाले येऊन राह्यले. जेवण बी हाये."

मांडवातल्या फलकावर 'लहान शेतकऱ्यांसाठी जमाखर्च' हे बारीक अक्षरात होतं आणि पाहुण्यांची नावं ठळक अक्षरात. दीप लागला, शाली झाल्या, नारळ झाले. ज्यांनी शाली पांघरवल्या त्यांनाही शेवटी शाली मिळाल्या. शेतीकडे व्यवसाय म्हणून पाहा, असं एका पाहुण्यांनी तीनदा सांगितलं. त्यांचा स्वतःचा व्यवसाय कोणता ते शेवटपर्यंत कळलं नाही. शिकवायला आलेल्या तरुण बाईंच्या वाट्याला वीस मिनिटं उरली, आणि तोवर मागे मसालेभाताचं झाकण निघालं होतं. बाई घाईघाईने म्हणाल्या, "विकलं तेवढंच जमेला लिहू नका. घरी वापरलं, शेतात टाकलं, त्याचीही किंमत लिहा." हे ऐकायला मांडवात फारसं कोणी नव्हतं. वहिनी मात्र पहिल्या रांगेतून हलल्या नव्हत्या.

नोंदवही जाडजूड होती. पहिली चार पानं पाहुण्यांच्या फोटोंना आणि संदेशांना दिलेली, मग जमा आणि खर्चाचे रकाने. दादाने ती घरी आणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि लग्नाच्या अल्बमशेजारी कपाटात ठेवली. का, तर हात लागून खराब होईल.

त्याच संध्याकाळी त्याने जाहीर केलं की म्हैस विकायची.

म्हैस वहिनींची. शिलाईच्या पैशांतून त्यांनी ती घेतली होती. दिवसाला चार वेळा त्या तिच्याशी जेवढं बोलत तेवढं दादाशी आठवड्यात बोलत नसत, आणि दादाचा राग यातून असावा असा मला संशय आहे. पण त्याने कारण दिलं ते हिशेबाचं.

"तोट्यात हाये ते," दादा म्हणाला. "सरकीची ढेप पाहा केवढ्याची खाते. कुटार-चारा वेगळा. डेअरीतून येते काय, तं चिल्लर."

"कोण म्हणते तोट्यात?" वहिनींनी विचारलं.

"मी म्हणतो. लिहेल हाये माह्यापाशी."

दादाचं लिहिलेलं म्हणजे सदऱ्याच्या खिशातली छोटी डायरी. तिच्यात म्हशीवरचा खर्च पैशापैशासह असे आणि कापसावरचा साधारण अंदाजाने. कापूस हा दादाच्या मते शेतीचा कर्ता पुरुष होता. त्याच्याकडे पावत्या कोण मागणार.

वहिनींनी वाद घातला नाही. आमच्याकडे शेतीचं वर्ष पाडव्याला बदलतं. सालदार गडी पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला ठेवायचा की नाही ते ठरतं. पाडवा आठ दिवसांवर होता. वहिनी म्हणाल्या, "मंग म्हशीले बी सालदाराचाच नियम लावा. एक साल हिशेब ठेवू. पुढच्या पाडव्याले तोट्यात निघाली तं मी सोता दावं सोडून देतो."

दादाला हे फारच न्याय्य वाटलं. खर्च त्याने लिहायचा, जमा वहिनींनी, आणि वर्षअखेर दोन्ही नोंदवहीत सुवाच्य अक्षरात उतरवायचं काम माझं.

वहिनींनी कापसाच्या खोलीची भिंत निवडली. त्या खोलीच्या भिंतीवर वेचणीच्या बायांचे किलो आधीपासून कोळशाने लिहिले जात, तेव्हा नवीन काही नव्हतं. डेअरीला गेलेल्या लिटरला उभी रेघ. घरातल्या दुधाला आडवी. मजुरांच्या चहाला गेलेल्याला गोल. शेणखताची बैलबंडी कापसाच्या वावरात गेली की फुली. महिन्याला एक चौकट. मी दर महिन्याला आंजीला जायचो, भिंतीकडे आदराने पाहायचो आणि पुढच्या वेळी उतरवू म्हणून जेवून परत यायचो. अकरा महिने मी हा क्रम पाळला.

फेब्रुवारी संपता संपता निरोप आला की नोंदवह्यांचा उपयोग कसा झाला ते पाहायला पाहुणे पुन्हा येणार आणि एका घरी चहा घेणार. घर आमचं ठरलं. गावातल्या इतर नोंदवह्यांवर लहान मुलांनी चित्रं काढली होती किंवा त्या किराण्याच्या पुड्यांत गेल्या होत्या. कोरी करकरीत वही फक्त दादाकडे होती.

वहिनी तेव्हा लेकीकडे हिंगणघाटला गेल्या होत्या. दादाने घर सजवायला काढलं. पाहुणे येणार त्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा अंगणात शेणाचा सडा होता, दाराला तोरण होतं आणि कापसाची खोली पांढरीशुभ्र होती.

मी दादाकडे पाहिलं. दादाने भिंतीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर गोष्ट हळूहळू उमटत गेली. मुद्दाम केलं असतं तर इतका घाबरला नसता.

"चुना मारला न बे मी," तो म्हणाला.

"वहिनी कधी येणार?"

"सकायच्या गाडीनं."

म्हणजे पंधरा मिनिटांत. वहिनी आल्या, पिशवी खाली ठेवली, सवयीने म्हशीकडे गेल्या, तिथून कोळसा घेऊन खोलीत आल्या. तीन दिवसांचं दूध लेकीच्या घरून फोनवर विचारून ठेवलं होतं त्यांनी. ते लिहायचं होतं. कोळसा टेकवायला त्यांनी महिन्याची चौकट शोधली.

"काऊन पुसलं?"

"पुसलं नाई वं. पावने येऊन राह्यले म्हणून..."

"तुमची डायरी चुन्यात पडली का?"

दादाचा हात आपोआप खिशावर गेला. डायरी सुखरूप होती. म्हणजे आता म्हशीच्या नावावर वर्षाचा सगळा खर्च होता आणि जमा एक पांढरी भिंत. डेअरीच्या चिठ्ठ्यांवरून उभ्या रेघा परत मिळाल्या असत्या. आडव्या, गोल आणि फुल्या कुठून आणणार? अकरा महिने जेवून गेलेला मी, मला दादापेक्षा जास्त लाज वाटत होती, पण तिचाही काही उपयोग नव्हता.

वहिनींनी भिंतीवरून बोट फिरवलं. बोटाला लागलेलं पांढरं पाहिलं. मग दादाला विचारलं, "किती हात मारले?"

"एकच. दुसऱ्या हाताले चुना पुरला नाई." मग प्रामाणिकपणे, "म्हणजे आणला नाई. पावने काय, बाहेरूनच पायतात."

वहिनी बाहेर गेल्या आणि बादली घेऊन आल्या. तांब्याने पाणी भिंतीवर मारलं. ओला चुना पातळ दिसू लागला आणि त्याच्या आतून, पाण्याखालच्या काड्यांसारख्या, रेघा वर आल्या. थोड्या फिसकटलेल्या, पण मोजता येतील अशा.

"भाऊजी, लिहा. भिंत वायली का परत दिसनार नाई."

मी कपाटातून नोंदवही काढली, प्लास्टिक फाडलं आणि पाहुण्यांच्या फोटोंनंतरच्या पहिल्या पानावर लिहायला लागलो. दादा पाणी मारी, वहिनी मोजत, मी उतरवी. चैत्र झाला, वैशाख झाला. वैशाखात नऊ फुल्या निघाल्या.

"नऊ बंड्या?" दादा म्हणाला. "आठ असंन."

"बैल तुम्हीच हाकले. पाणी मारा."

आम्ही पौषात असताना पाहुणे आले. चिखलात उभं राहणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून दारातूनच पाहिलं. एक जण दादाला म्हणाले, भिंतीला जरा ओल दिसते, बंदोबस्त करा. नोंदवहीवर चुन्याचे शिंतोडे आणि ओल्या बोटांचे ठसे पाहून त्यांचा थोडा हिरमोड झाला. फोटोसाठी त्यांनी स्वतःच्या पिशवीतली कोरी वही काढून दादाच्या हातात दिली. फोटो छान आला. मागच्या वर्षीच्या त्या बाई तेवढ्या चपला काढून आत आल्या. त्यांनी फुल्यांवर बोट ठेवून विचारलं, "हे काय?"

"शेणखत," वहिनी म्हणाल्या. "शेतात टाकलं ते बी जमेला लिहा म्हणलं होतं न तुम्ही."

बाईंनी चहा पाहुण्यांबरोबर न घेता आत भिंतीजवळ उभ्यानेच घेतला.

पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर आम्ही ओसरीत बसलो. दादाने डायरी वाचली. घरच्या कुटाराची किंमतही त्याने बाजारभावाने म्हशीच्या नावावर टाकली होती. वहिनींनी ती मान्य केली. मग माझ्याकडून जमा वाचून घेतली: डेअरी, घरचं दूध, मजुरांचा चहा, आणि शेवटी खत, बाजारभावाने.

"खताचे पैसे कोण देईन तुले?" दादाने विचारलं.

"कापूस. कुटाराचे म्हशीनं देल्ले न?"

दादाने बेरीज तीनदा केली. तिन्ही वेळा म्हैस नफ्यात निघाली. नफा लहान होता, पण दोन साड्यांना पुरेल एवढा होता. दादाने डायरी मिटून खिशात ठेवली आणि म्हणाला, "राहू दे मंग."

वहिनींनी सालदाराला देतात तसा म्हशीपुढे पुरणपोळीचा घास धरला आणि परत येऊन बसल्या.

"आता एक राह्यलं," त्या म्हणाल्या. "खताचे पैसे वजा करून कापसाचं बी पाहा लागंन. त्याच्या पावत्या कुठं हायेत?"

दादाने खिसा चाचपला, मग दुसरा खिसा, मग माझ्याकडे पाहिलं.

"असू द्या," वहिनी म्हणाल्या. "त्याले बी एक साल देऊ. पुढच्या पाडव्याले ठरवू."

आता दादाच्या डायरीत कापसाची पानं भरतात, आणि ती मी दर महिन्याला, जेवणाच्या आधी, वहीत उतरवून घेतो.