आवाज करणारे ब्रेक

दसऱ्याला झेंडूच्या वासात मशीनच्या तेलाचा वास मिसळला की मला तो एक दसरा आठवतो. त्या पावसाळ्यात माझा भाऊ तापानं गेला होता. बाबांनी दरवर्षीसारखे कोयते, विळे, पाण्याचा पंप धुऊनपुसून ओट्यावर पूजेला मांडले, आणि शेजारी त्याची गिअरची सायकल. सगळ्याला तेल लावलं, तसं मायेनं सायकलच्या ब्रेकच्या चकतीलाही चोळलं. मग ब्रेक लागेचना. आम्ही सायकल टेंपोत घालून कडावहून कर्जतला नेली. दुकानदार म्हणाला, "काका, पॅड तेल प्यालेत. नवीनच टाकावे लागतील." "स्वस्तातले टाक रं," बाबा म्हणाले, "चालवणारा आता नाय." त्यानं दोन जोड पुढे ठेवले. "हे मऊ, स्वस्त, आवाज नाय करत. हे धातूचे, जरा महाग, पण लई ओरडतात." बाबांनी धातूचा जोड उचलून हातात घेतला. मग म्हणाले, "त्याचे ओरडायचे. हेच टाक." भाऊ कामावरून यायचा तेव्हा देवळाजवळच्या वळणावर त्याचा ब्रेक घरापर्यंत ऐकू यायचा, आणि आई त्याचं ताट वाढायला घ्यायची. परत येताना सायकल मी चालवत आणली. वळणावर ब्रेक दाबला, अगदी तसाच ओरडला. घरात शिरले तर आई भातानं भरलेलं ताट हातात घेऊन माझ्याकडे बघत उभी होती. सायकल आता मीच वापरते. वळण यायच्या आधी उतरते, आणि ती हातात धरून चालत घरी येते.