गॅरेजचा माळा आणि आईंची पेटी

जर्मनीत बोब्लिंगेनजवळच्या एका खेड्यात आम्ही घर घेतलं, तेव्हा घरापेक्षा मी गॅरेजवरच जास्त खूश होते. घरापासून सुटं, अंगणाच्या टोकाला, कौलारू. आणि वर चक्क माळा! वर्षानुवर्षं फ्लॅटमध्ये बॅगांवरून उड्या मारत राहिलेल्या बाईला माळ्याचं सुख विचारा. गणपतीचं मखर, मुलीचा पाळणा, सगळं शिडीने वर गेलं. नवा सोफा आला तेव्हा सासूबाईंची बाजाची पेटीही वर गेली. मागच्या खेपेला त्यांनी ती पुण्याहून आणून आमच्याकडे ठेवली होती.

त्याच सुमारास माळ्यावर मार्डर शिरायला लागला. आपल्या मुंगसासारखाच प्राणी, फक्त शेपूट झुपकेदार आणि अंगात जास्त मस्ती. नवऱ्याने दोन्ही बाजूंच्या भिंतींत वर हवेसाठी ठेवलेली भोकं फोम मारून बुजवली.

"आता मुंगीसुद्धा शिरणार नाही," तो खाली उतरून म्हणाला.

हिवाळाभर कुणी वर गेलं नाही. फेब्रुवारीत आई, म्हणजे सासूबाई, आल्या आणि दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाल्या, "माझी पेटी काढून दे रे."

नवरा वर गेला आणि तिथूनच ओरडला, "अगं, छप्पर गळतंय!"

बाहेर लख्ख ऊन होतं. बर्फ वितळत होतं, पण दक्षिणेकडचं छप्पर तर केव्हाच कोरडं झालेलं. मी शिडीवरून डोकं वर काढलं. कौलांखालच्या फळ्यांवर थेंबांच्या रांगा लटकत होत्या, दोन्हीकडे सारख्याच. पेटीवरची शाल ओली, आणि शालीखाली लाकडावर हिरवट लव उगवलेली.

पेटी खाली आली. आईंनी तिच्यावरून पदर फिरवला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ओरडा ऐकून कुंपणापलीकडचे जर्मन आजोबा आले. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी वर जाऊन बुजवलेली भोकं पाहिली.

"आल्झो, असं बघा, छप्पर गळत नाहीये. हवा कोंडली आहे."

"पण इथे हीटिंगच नाही," नवरा म्हणाला. "आत-बाहेर सारखीच थंडी. मग व्हेंटिलेशन कशाला हवं?"

"गाडी कोरडी येते का आत?"

रोज संध्याकाळी बर्फाने माखलेली गाडी आत यायची आणि सकाळी तिच्याखाली तळं असायचं. आजोबांनी सांगितलं ते असं: ती ओल वर चढते, गार फळ्यांवर गोठून बसते आणि थंडी ओसरली की टपकायला लागते. बाहेर जायला वाट असती, तर केव्हाच निघून गेली असती.

"ते नंतर बघा," आई मला म्हणाल्या. "आधी स्क्रूड्रायव्हर दे."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी पेटी उघडली. भाता दोन ठिकाणी सुटला होता. आजोबा वाकून बघतात तो काय, आत सुरांच्या पितळी पट्ट्या! "आख सो! असं आहे तर!" म्हणत ते तसेच घरी पळाले आणि तसल्याच पट्ट्यांचं स्वतःचं अकॉर्डियन आणि सरस घेऊन आले. मग आई मराठीत बोलत राहिल्या, आजोबा इकडच्या गावठी, श्वाबी जर्मनमध्ये. "अहो, तसं नाही, आधी पुसून घ्या." "गेनाऊ, गेनाऊ." म्हणजे बरोबर, बरोबर. मी दुभाषी व्हायला बसले होते, पण मला कुणी विचारेना. शेवटी मी कांदे चिरायला घेतले.

दोन-तीन दिवस पेटी उघडीच वाळत राहिली. मग आईंनी भाता ओढून सा लावला, आणि तो लागला. वरचा एक सूर कायमचा फुसका झाला होता. त्या म्हणाल्या, "तिथवर माझा गळा तरी कुठे पोचतो आता!" आणि हसल्या. पेटी खाली आल्यापासून नवरा त्या दिवशी पहिल्यांदाच नीट जेवला.

तो रविवार होता, आणि इथे रविवारी आवाज करायला बंदी, त्यामुळे ड्रिल चालवायची सोय नव्हती. सोमवारी त्याने फोम कोरून काढला आणि भोकांवर बारीक तारेची जाळी ठोकली. पुढच्या हिवाळ्यात मी मुद्दाम वर जाऊन फळ्यांना हात लावला. बर्फासारख्या गार, पण कोरड्या.

तेव्हापासून कुणीही नवीन घर घेतलं, की नवरा त्याला सांगतो, "माळ्याला व्हेंटिलेशन लागतंच." आजोबा शेजारी असले तर त्याला अडवतात. "गाडी बाहेर ठेवली असतीस, तर कदाचित नसतंही लागलं."