मोहितेसाहेबांच्या कानातली माशी

गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी मी माझ्या मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या डाव्या कानात गळ अडकवला. हजर माणसं सहा: मी, माझी बायको सुनंदा, मुलगी मुग्धा, तिने पसंत केलेला अनिकेत आणि त्याचे आईवडील, म्हणजे मोहितेसाहेब आणि मोहितेवहिनी. माझ्या खिशात अंगठीच्या विसाराचे अकरा हजार रुपये होते. बोलणी ठरली की तसंच करोलबागेत सोनाराकडे जायचं, असा बेत होता.

मुलांचं आपसात ठरलेलं होतं. मोहितेसाहेबांचीही हरकत नव्हती. अडलं होतं ते मोहितेवहिनींपाशी. त्या महिनाभर नुसतं 'बघू' म्हणत होत्या, आणि मुग्धा महिनाभर अर्धी पोळी खाऊन उठत होती.

मोहितेसाहेब दरवर्षी हिमाचलात ट्राउट मासे पकडायला जातात, हे अनिकेतकडून कळलं, तेव्हा आपणही काहीतरी करावं म्हणून मी माश्या बांधायला शिकलो. (खऱ्या माश्या नव्हेत. खऱ्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये न बांधताही येतात.) बारीक गळावर रेशमी दोरा गुंडाळायचा आणि पुढे पक्ष्याच्या मऊ पिसाचे दोनच वेढे द्यायचे. पाण्यात ते पीस हलतं आणि माशाला वाटतं, मेफ्लाय नावाचा पाणकिडा तळातून वर निघालाय. मी हिशेब खात्यातला माणूस. 'दोनच वेढे, तिसरा नको' असा नियम असलेला छंद मला एकदम पटला. पीस खरं तर तितराचं लागतं. पण तितर मारायला आपल्याकडे बंदी, म्हणून मी मुनिरकातल्या चिकनवाल्याकडून कोंबडीची पिसं आणली. लोक कोंबडी नेतात आणि पिसं सोडून जातात, या साहेबांचं उलटंच आहे, असं तो शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगत होता. रेशीम सुनंदाच्या शिवणाच्या डब्यातलं. तिच्या साडीचा फॉल त्यामुळे अर्ध्यावर राहिला, पण ते तिला नंतर कळलं.

तर पोहे झाले आणि मी माझी सर्वांत चांगली माशी बशीत ठेवून मोहितेसाहेबांपुढे धरली. ते इतके खूश झाले की गाडीतली गळाची काठी काढून आणली आणि आम्ही सगळे खाली लॉनवर गेलो. सराव करताना गळ लावत नाहीत, दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधतात, असं त्यांनी मला समजावलं. पण लोकरीत माझं पीस कसं दिसणार? मी माझीच माशी लावायचा हट्ट धरला.

"अहो, लॉनवर पीस बघणार कोण?" ते म्हणाले. "कबुतर?"

तरी मी लावली. मुग्धाने नेम धरायला गवतावर बादलीचं झाकण ठेवलं. दोरी आधी मागे जाते आणि मग पुढे येते, हे मी व्हिडिओत पाहिलं होतं. मोहितेसाहेब माझ्या मागे उभे आहेत, हेही मला माहीत होतं. या दोन नोंदी मी एकमेकींशी ताडून पाहिल्या नव्हत्या.

पुढे झटका दिला, तर दोरी ताठ. पेरूच्या झाडात अडकली असणार, म्हणून मी आणखी एकदा ओढली.

"ओढू नका," मागून शांत आवाज आला. "मी आहे."

गळ कानाच्या पाळीतून आरपार गेला होता. त्याला उलटा काटा असतो, त्यामुळे तो मागे सरकेना. सुनंदा घरातून सांडशी घेऊन आली. तिला परत पाठवलं. अनिकेत हॉस्पिटल म्हणाला, पण हे लॉनवर मासे पकडताना झालं असं तिथे सांगायला मोहितेसाहेब तयार होईनात. तेव्हा मोहितेवहिनी त्या सकाळी पहिल्यांदा बोलल्या. सोनाराकडे जायचंच आहे, त्याच्याकडे तार कापायची कात्री असेल, चला.

आम्ही सहाही जण मोहित्यांच्या मोठ्या गाडीत बसलो. मोहितेसाहेबांच्या कानात माझी जांभळी माशी डुलत होती. धौलाकुआँच्या सिग्नलला वहिनींनी विचारलं, हा नक्की कसला किडा? मला हायसं वाटलं. या विषयावर माझी तयारी होती.

"मेफ्लाय," मी म्हणालो. "पंख फुटल्यावर त्याला खाता येत नाही. फक्त लग्न करायचं आणि संध्याकाळपर्यंत मरायचं."

सुनंदाने मला चिमटा काढला. मुग्धाने पुढच्या सीटवर डोकं टेकलं.

"सगळेच?" वहिनी म्हणाल्या.

मला सावरून घ्यायचं होतं, पण आकडा चुकीचा सांगवेना. "काही जाती दोन दिवस काढतात," मी म्हणालो.

सोनार विट्याकडचा, मराठीच. त्याने कान पाहिला, काट्याचं टोक कापलं, गळ मागे ओढून काढला आणि कानाला हळद लावली. मोहितेसाहेबांनी आरसा मागितला नाही, माशी मागितली. चष्मा कपाळावर नेऊन ती बराच वेळ न्याहाळली.

"दोनच वेढे?"

"दोनच."

"मी चार देतो. म्हणूनच फुगतात माझ्या."

मी गळाचं कापलेलं टोक कागदात गुंडाळत बसलो. बोललो असतो तर आणखी एखादा किडा मारला असता. मुग्धा दुकानाच्या दारातच उभी होती. आत यायचं की नाही, हे तिला कळत नव्हतं. मोहितेवहिनी तिच्याकडे वळल्या.

"ये गं आत. तुझ्या बाबांना सोयरीक मोडायची वेळ आली तरी किड्याचं आयुष्य चार दिवसांनी वाढवून सांगता आलं नाही. अशा घरातल्या मुलीबद्दल मी अजून काय बघत बसू? दे बोट, माप घेऊ दे त्यांना."

त्या दिवशी मुग्धाने करोलबागेत दोन प्लेट छोले भटुरे खाल्ले.

सोनाराला विसाराचे अकरा हजार दिले. गळ काढायचे त्याने काही घेतले नाहीत, पण कान टोचल्याचा मान म्हणून नारळ आणि एक्कावन्न रुपये हक्काने मागून घेतले. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे पैसे मी काढायच्या आत वहिनींनी भरले. संध्याकाळी याद्या झाल्या. मानपान, देणंघेणं काही नाही. वरपक्षाची मागणी एकच, आणि ती सुनंदाने मला न विचारता मान्य केली: मे महिन्यात हिमाचलात माश्या मी बांधायच्या आणि काठीला हात लावायचा नाही.