न जुळलेले माइक

रेकॉर्डिंगच्या धंद्यात त्यांना सगळे जोडीवाले म्हणत, तेही तोंडावर. दोन माइक लावून गाणं टिपायचं तर ते अगदी जुळलेलेच हवेत, याबाबत हा माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नसे. गिऱ्हाईक घाईला आलेलं असो नाहीतर गवई रुसून बसलेला असो, जोडी जुळल्याशिवाय ते यंत्राला हात लावत नसत. "एवढं कुणाला कळतंय?" असं कुणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरे. "गाणारा एका जागी उभा आहे ना? मग ऐकणाऱ्यालाही तो तिथेच सापडला पाहिजे!" हे त्यांचं ठरलेलं पालुपद.

जोडी तपासायची त्यांची रीत साधी होती. दोन माइक शेजारी शेजारी लावायचे, समोर बरोबर मध्ये बायकोला उभं करून बोलायला लावायचं आणि मग दोन स्पीकरांच्या समोर बसून ते ऐकायचं. आवाज मधोमध राहिला तर जोडी जमली. सूर खाली उतरताना डावीकडे झुकला, वर चढताना उजवीकडे सरकला, की माइक परत. बायको उभी राहून वैतागायची. "आपला जन्मभर छत्तीसचा आकडा, तरी संसार झालाच ना? या मेल्या माइकांचेच एवढे चोचले!" असं म्हणायची, पण उभी राहायची.

पुढे तिच्या पायांतली ताकदच गेली. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, तेही कुणी उचलून ठेवलं तर. तिने कधी कुरकुर केली नाही, पण घरात कुणी चालू लागलं की ती त्याच्या पावलांकडे बघत राही. जोडीवाल्यांना ते सोसवत नसे. एका सकाळी तीच म्हणाली, "अहो, आज गावंसं वाटतंय. टिपून घ्या."

नेमका जोडीतला एक माइक दुरुस्तीला गेला होता. "उद्या गा," ते म्हणाले.

"उद्या वाटेलच कशावरून? लावा हाताला येईल तो."

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तत्त्व गुंडाळून ठेवलं. दुसरा म्हणून भलताच माइक लावला, तिच्या बरोबर मागे उभं राहून "हं, कर सुरू" म्हणाले, आणि ती खुर्चीत बसून गायली. काही दिवसांतच ती गेली. तिचा आवाज म्हणून घरात तेवढं एकच उरलं.

लेक आल्यावर दुपारी त्यांनी ते लावलं. ती डोळे मिटून ऐकत होती. ऐकता ऐकता तिची मान हळूहळू डावीकडून उजवीकडे वळू लागली.

"बाबा, आई चालतेय."

जोडीवाल्यांनी झटकन रेकॉर्डिंग थांबवलं. "खालचे सूर डावा माइक जास्त उचलतो, वरचे उजवा. म्हणून तसं वाटतं. चूक माझी आहे, काढून टाकतो."

"राहू द्या ना, बाबा."

"ती बसली होती. बसलेलीच ऐकू आली पाहिजे."

तिचा एकुलता एक आवाज, आणि त्यातही खोटेपणा, हे त्यांना सहन होईना. दोन्ही माइकांना सारखेच आवाज ऐकवून कोण कुठे कमी पडतो ते त्यांनी शोधलं आणि रेकॉर्डिंगमध्ये तेवढा फरक भरून काढला. आधी स्वतःचं "हं, कर सुरू" लावून पाहिलं. मघाशी डुगडुगणारे ते शब्द आता खिळा ठोकल्यासारखे मध्ये उभे होते. काम चोख झालं होतं. लेक तोंड एवढंसं करून शेजारी बसली.

मग गाणं सुरू झालं. आवाज डावीकडून आला, दाराजवळून.

त्यांनी वायरी तपासल्या. स्वतःचा आवाज पुन्हा लावला, तो मध्येच होता. तिचा पुन्हा लावला, तो दाराजवळच. तिने एक सूर धरला, न वर न खाली, नुसता लांबवला, आणि त्या एकाच सुरावर ती पुढे येऊ लागली. सुराच्या शेवटी तिने श्वास घेतला, तोही पुढे सरकून. जोडीवाले पुरते घाबरले.

"नीट केलंत ना?" लेकीने हळूच विचारलं.

"केलं."

"मग?"

आवाज आता अगदी समोर आला होता आणि तिथेच अडला होता. गाणं थांबलं, फक्त श्वास ऐकू येत राहिला, वाट मोकळी व्हायची वाट बघितल्यासारखा.

जोडीवाल्यांनी पसरलेले पाय जवळ ओढून घेतले. मग ती खिडकीकडे गेली.