मामाचं ‘व्हय’

माझ्या मामाशी बोलायचं म्हणजे दर वाक्याला एक ‘व्हय’ मिळतं. पेणच्या खाडीकाठच्या आमच्या गावात सगळेच असे. समोरचा बोलत असताना आपण गप्प बसलो, तर त्याला वाटतं, याचं लक्षच नाही. लहानपणी मी मुद्दाम म्हणायचे, ‘मामा, तू बेडूक आहेस.’ तो ‘व्हय’ म्हणायचा आणि पुढचं ऐकायला मान कलती करायचा. ‘व्हय’ म्हणजे ऐकतोय, बोल पुढे. एवढंच.

हा मामा रोह्याला एका केमिकल कंपनीत कामाला. गेल्या वर्षी त्याच्या शिफ्टला एक व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि अ‍ॅसिड उडून त्याच्या सोबत्याचे हात भाजले. व्हॉल्व्ह नीट बसत नाही, हे मामाने शिफ्टच्या साहेबाला आधीच सांगितलं होतं. तरी ठपका मामावर आला, चौकशी लागली. नोकरीवर गदा होतीच, पण त्याला घोर निराळाच होता. ‘त्याचे हात माझ्यापायी जळले असं लोक बोलतील गो,’ एवढंच तो म्हणत राहायचा.

मी पेणला वकिली करते. पण चौकशीत वकील चालणार नाही, असं कंपनीने कळवलं. मग मी चरफडत दाराबाहेरच्या बाकावर बसले. दार उघडंच होतं. चौकशी अधिकारी दिसायला भला माणूस, सावकाश आणि अगदी शुद्ध मराठीत आरोप वाचत होता.

‘तुम्ही कामात हयगय केलीत.’

‘व्हय.’

‘तुम्ही व्हॉल्व्ह बंद केला नाहीत.’

‘व्हय.’

‘त्यामुळे तुमचा सहकारी जखमी झाला.’

‘व्हय, व्हय.’

बाजूला एक जण हे सगळं टाइप करत होता. मी ताडकन आत गेले. ‘अहो, तो कबुली देत नाहीये, नुसता ऐकतोय!’

अधिकाऱ्याने चष्मा काढला. ‘मॅडम, मराठीतच विचारलंय ना? हो म्हणजे हो.’ आणि मला बाहेर जायला सांगितलं.

आरोपीला आरोप समजेल अशा भाषेत सांगावा, त्याचं म्हणणं निःपक्षपातीपणे ऐकून घ्यावं, हे आपल्या देशाने जगासमोर मान्य केलंय. त्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम मला पाठ आहे. भाषेची ती अट गुन्ह्याच्या खटल्यासाठी आहे, कंपनीच्या चौकशीला जशीच्या तशी लागत नाही, हेही ठाऊक आहे. पण मामाला त्यांची मराठी समजत होती हो! त्यांना मामाची समजत नव्हती, आणि त्यावर कुठलं कलम दाखवायचं, ते मला सुचेना. इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

थोड्या वेळाने आतला कॉम्प्युटर बंद झाला. कबुली मिळाली, साक्षीदारांची गरज नाही, असं अधिकारी कुणाला तरी फोनवर सांगत होता. मामा बाहेर आला तो चक्क हसतमुखाने.

‘चांगला मानूस हाय गो. सगळं वाचून दाखवलंन. मी मधी एक शब्द तोडला नाय त्याचा.’

तो माझ्या शेजारी टेकला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि दाराकडे बघत म्हणाला, ‘आता माझं ऐकायला कदी बोलावतील?’